गवती चहाच्या वासाचा साबण घरी कसा करायचा

आमच्या बेळगावकडं बायकांना स्वयंपाकाला काटा लागत नाही, मीठ चिमटीनं, पाणी नजरेनं, आणि हीच सवय साबण करताना घात करते. माझा पहिला साबण मी वाटीनं मोजून केला, दिसायला झकास, पण हात धुतले की नुसती चुरचुर. सगळा फेकला. तेव्हा तेल घ्यायच्या आधी एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. पाणीसुद्धा त्याच्यावरच मोजायचं.

पहिल्या घाण्याला हे पुरे: खोबरेल 200 ग्रॅम, शेंगतेल 250, एरंडेल 50, कॉस्टिक सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) 72, पाणी 160, आणि वासाला गवती चहाचं इसेन्शियल ऑइल 10 ग्रॅम.

72 आकडा कुठून आला तेही बघा, कारण तेल बदललं की हा आकडा बदलतो. 100 ग्रॅम खोबरेलाचा साबण व्हायला साधारण 18.3 ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगतेलाला 13.7, एरंडेलाला 12.8. वरच्या मापाला हिशोब केला की 77 च्या आसपास येतं, त्यातले 7 टक्के आपण मुद्दाम कमी करतो म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. दुसरं कुठलं तेल घ्यायचं असेल तर नेटवर सोप कॅल्क्युलेटर आहेत, त्यात घालून बघा, अंदाजानं नको.

खोबरेल साधं घ्या. डोक्याला लावायचं वासाचं तेल चालत नाही, बऱ्याच वेळा त्यात लिक्विड पॅराफिन असतं आणि त्याचा साबणच होत नाही. कॉस्टिक केमिकलच्या दुकानातून शुद्ध फ्लेक्स आणायचे, मोरी साफ करायची पावडर नको, धुण्याचा सोडा तर वेगळाच. डबा घट्ट लावून ठेवा, आमच्या पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढून चिकट होतो आणि मग वजन खोटं येतं.

भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. अल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, कॉस्टिक ते खातो, काळं करतो आणि वर हायड्रोजन सोडतो. साबणाची भांडी वेगळीच ठेवा.

आता मेन काम. पोरं, मांजर सगळे बाहेर, हातात रबरी ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी. परसात किंवा खिडकीपाशी बसायचं. पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाणी बघता बघता 80 अंशांच्या वर तापतं, नाकात जाणारी वाफ येते, तोंड बाजूला ठेवून ढवळा. अंगावर थेंब पडला तर व्हिनेगर-लिंबू शोधत बसू नका, नळाखाली भरपूर पाण्यानं धूत राहा.

हे निवत असताना तिन्ही तेलं एकत्र कोमट करा. डिसेंबरात आमच्याकडं खोबरेल बाटलीतच गोठलेलं असतं, तेव्हा आधी पूर्ण वितळवून घ्यायचं. दोन्ही 40 अंशांच्या जवळ आले की कॉस्टिकचं पाणी तेलात ओता आणि हँड ब्लेंडर थोडा चालवायचा, बंद करून हातानं ढवळायचं, परत थोडा. रवीनंही होतं पण खांदे निघतात. ब्लेंडर वर उचलल्यावर पडलेली धार वरच क्षणभर दिसत राहिली, पातळ पिठल्यासारखी, की झालं. शेजारच्या काकू दारातून बघून म्हणाल्या, "काय गं, पिठलं ढवळायलीस काय?" लांबूनच म्हटलं, काकू, आत येऊ नका.

वास आता घालायचा, आधी नाही. इथं सगळ्यांना पहिल्यांदा चंदनच पाहिजे असतं, म्हैसूर संस्थानानं 1916 साली चंदनाच्या तेलाचा कारखाना काढल्यापासून कर्नाटकात साबण म्हटलं की तोच वास, पण खरं चंदन तेल आपल्या खिशाबाहेरचं आणि स्वस्तात मिळतं ते बहुतेक नकली. संत्र्या-लिंबाचा वास टिकत नाही. फुलांच्या वासांनी मिश्रण झटकन घट्ट होतं, मी एकदा बाजारातून मोगऱ्याचं अत्तर आणून घातलं आणि मिनिटभरात पातेल्यातच दगड, चमच्यानं खरवडून काढला. लवंग-दालचिनीचं तेल तर अंगालाही झोंबतं. गवती चहा स्वस्त, टिकाऊ आणि गडबड करत नाही, पण 10 ग्रॅमच्या वर जाऊ नका. रंगाला चिमूटभर हळद टाकली तर आधी कुंकवासारखी लाल होईल, घाबरू नका, पुढं पिवळट-केशरी रंगावर येते. ताज्या पाकळ्या मात्र घालू नका, काळ्या पडतात.

श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बटर पेपर घालून ओता, वरून जुना टॉवेल गुंडाळा. एक-दोन दिवसांनी ग्लोव्हज घालूनच काढा, वड्या पाडा. आत पांढरे खडे किंवा पाण्याचे थेंब दिसले तर कॉस्टिक मिसळला नाही किंवा जास्त झाला, तो घाणा वापरायचा नाही.

मग चार ते सहा आठवडे जाळीवर, वड्या एकमेकींना न चिकटवता, वारं लागेल पण ऊन नाही अशा जागी. जून ते सप्टेंबर आमच्याकडं हवा इतकी ओली की सहाच आठवडे धरा. कागदावर तारीख लिहून खाली ठेवा, नाहीतर कुठली वडी कधीची ते कळत नाही. आणि वाळवायला कपड्यांचं कपाट नको, माझ्या इरकलीला दिवाळीपर्यंत गवती चहाचा वास येत होता.