क्वेस्ट ३ (व्हीआर हेडसेट) : नंबरची भिंगं बसवूनही अक्षरांना सावली

भिंगं नवीकोरी, तरी प्रत्येक अक्षराला तिरकी सावली. नंबर बरोबर होता. डावं-उजवं भिंग उलटं बसलं होतं. उजव्याचा अक्ष (सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, ज्या कोनात बसतो तो) २० अंश, डाव्याचा १६०, म्हणजे अदलाबदलीत ४० अंशांची चूक. अक्ष ३० अंशांनी चुकला की उरणारा दोष मूळ सिलिंडरएवढाच होतो. त्यापुढे सिलिंडर नसलेलाच बरा!

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या कुठल्याही चष्मेवाल्याकडे लेन्समीटरवर (भिंगाचा नंबर मोजायचं यंत्र) दोन मिनिटांत कळतं कुठलं भिंग कुठल्या डोळ्याचं. लगेच मार्करने खूण करा, कडेला. ऑर्डर देताना दूरचा नंबर द्यायचा, वाचायचा नव्हे.

मग हेडसेटच्या चाकाने पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) जुळवा. पापण्या घासत असतील तर फेसपॅड (चेहऱ्याला टेकणारी गादी) एक खाच मागे, म्हणजे भिंगांपासून लांब. इथल्या पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते, म्हणून हेडसेट आधी थोडा वेळ नुसता चालू ठेवा. पुसायला कोरडं मायक्रोफायबर, स्पिरिट नको.