भुसा घालून चिवट बर्फ: घरच्या फ्रीजरमध्ये जमतो, पण घाई केली की फसतो

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाहून पापलेट घेऊन साताऱ्याला आत्याकडे जायचं तर साधा बर्फ लोणावळ्यालाच रडायला लागतो, म्हणून मी पायक्रीट करतो, म्हणजे लाकडाचा भुसा घालून गोठवलेला बर्फ. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक नावाच्या इंग्रजाला ह्याचं चक्क विमानवाहू जहाज बांधायचं होतं, आपल्याला दोन डबे पुरे.

१ लिटर पाण्याला १६० ग्रॅम कोरडा भुसा, वजनाने साधारण १४ टक्के. मूठभर टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काटा वापरा. भुसा साध्या लाकडाचा, वखारीतला, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

आता खरी गोची. कोरडा भुसा तरंगतो. पहिल्या वेळी मी सगळं एकदम डब्यात ओतून फ्रीजरला लावलं, सकाळी वर भुशाची भाकरी आणि खाली नुसता बर्फ, खंडाळ्याच्या घाटात तो बरोब्बर त्या जोडावरच दुभंगला आणि आत्याने आल्या आल्या विचारलं की मासे आणलेस की सुतारकाम! तेव्हापासून भुसा मोजलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवतो, ते पाणी फेकायचं नाही, सकाळी हाताने मळतो, सैल उपम्यासारखं झालं पाहिजे. मग फ्रिजमध्ये गार करून दोन-दोन बोटांचे थर लावायचे. खालचा थर पुरता दगड व्हायच्या आत, वर साय धरल्यासारखी दिसली की पुढचा, आणि प्रत्येक थर चमच्याने दाबून हवा काढायची, हा कंटाळा केलात तर बाकी सगळी मेहनत वाया. मीठ अजिबात नको, घरच्या फ्रीजरच्या उणे १८ ला त्याने बर्फ मऊच राहतो.

डबा काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं. रात्रभर ठेवा.

वरवंट्याने ठोकून बघा, साधा बर्फ फुटतो, ह्याला नुसता खळगा पडतो. वितळताना वर भुशाची ओली गोधडी तयार होते, ती आतल्या बर्फाला उष्णता लागू देत नाही, म्हणून टिकतो. पण किलोमागे ह्यात बर्फ कमी असतो, म्हणजे गारवाही कमी, तेव्हा लादी जरा मोठीच करा आणि मासळीला भुसा लागू नये म्हणून पिशवीत बांधा.

उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका, तुंबतं. डब्यात भरून परत फ्रीजरला, वास यायला लागला की कुंडीत.