छोटी अकूस्टिक गिटार घेताय? या चुका टाळा

ऑनलाइन 'छोटी गिटार' शोधली की ३८ इंची गिटारांची रांगच समोर येते. सोबत बॅग, पट्टा, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या (पिक), जादा तारांचा सेट, वर सवलत. मुलीला शिकायचंय म्हणून आईवडील तीच मागवतात आणि चाळिशीत हौस उचल खाल्लेला माणूसही तीच मागवतो. मग बोटं सोलवटतात, सूर जुळत नाही आणि शिकणारा ठरवून टाकतो की आपल्या हातात कलाच नाही. अशा बऱ्याच हातांत खोट नसते, खोट गिटारीत असते. हे मला फार लागतं, कारण यातलं बरंचसं खरेदीच्या वेळीच टाळता येतं.

इंचांवर जाऊ नका

३८ इंच ही डोक्यापासून बुडापर्यंतची एकूण लांबी. बॉडी किती रुंद, किती खोल, ते त्यातून कळत नाही. फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एकमेकांपासून किती लांब पडतील, हेही कळत नाही. त्यासाठी स्केल बघायचं, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची वाजणारी लांबी. नट ही दांड्याच्या डोक्याकडची खाचांची पट्टी, आणि सॅडल ही बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजमधली उभी पट्टी.

लोकांची गल्लत इथेच होते. छोटी बॉडी आणि छोटं स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात सर्रास दिसणारी रुंद गिटार म्हणजे ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ च्या सुमारास आणला, तो भरदार आवाजासाठी. बुटक्या माणसाचा उजवा खांदा तिच्यावर हात टाकताना वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. त्याला हवी असते कॉन्सर्ट बॉडी, तीही नेहमीच्या स्केलची. यामाहाची एफएस मालिका किंवा कोर्टची एएफ५१० या त्या जातीच्या. एफएसचं स्केल ६३४ मिमी आणि बॉडी ३९० मिमीच्या आसपास रुंद, कंबर बारीक. मांडीवर नीट बसते.

पाऊण आकाराची गिटार मात्र वेगळी. यामाहाच्या जेआर२ चं स्केल ५४० मिमी आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला किंवा प्रवासाला छान. मोठ्या माणसाची बोटं तिच्यावर दाटीवाटीने बसतात, आणि स्केल आखूड म्हणून तारा सैल लागतात, त्यात पातळ तारा लावल्या की झणझणतात. रोजच्या रियाजाला मोठ्यांनी ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा लावू नका

बोटं दुखू नयेत म्हणून नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यायची आणि पुढे आवाज खणखणीत हवा म्हणून तिला स्टीलच्या तारा चढवायच्या, हा प्रकार नेहमीचा. स्टीलच्या १२ गेजच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास असतो. क्लासिकलची बांधणी एवढा ताण सोसायला केलेली नसते. आधी ब्रिजमागचं लाकूड फुगतं, मग ब्रिजच उखडतो. स्टीलचाच आवाज हवा असेल तर स्टीलचीच गिटार घ्या आणि १० किंवा ११ गेजच्या तारा लावा.

अॅक्शन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

अॅक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, स्वस्त गिटारीत सगळ्यात जास्त त्रास इथून होतो. बाराव्या फ्रेटच्या वरच्या कडेपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड सहावी तार अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक पहिली दोनच्या आसपास असेल तर शिकणाऱ्याला बरं. साडेतीन-चार मिमी भरलं तर एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबायला लावणारा सूरमेळ, महिनोन् महिने लागणार नाही.

ते कमी करायचं तर सॅडल खालून घासतात. हिशेब साधा आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवा असेल तर सॅडल एक मिमी घासायचं. एकदम नाही, थोडं थोडं, तळ सपाट ठेवून. म्हणून विकत घेतानाच ब्रिजच्या वर सॅडल किती शिल्लक आहे ते बघा. सॅडल आधीच ब्रिजला टेकलेलं आणि तरीही तारा उंच, अशी गिटार फुकट मिळाली तरी नको.

अॅक्शन उतरवायला ट्रस रॉड, म्हणजे नेकमधला (दांड्यातला) धातूचा गज, पिळणं ही तर मोठीच चूक. रॉड नेकचा बाक ठरवतो, तारांची उंची त्याच्या मागोमाग बदलते इतकंच. बाक तपासायला पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच तारेवर दाबा आणि सातव्यापाशी फट बघा. जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट फार असेल तर एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. खूप स्वस्त गिटारींत फिरवता येणारा रॉडच नसतो, हे आधी विचारा.

नटही बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहायला हवी. जास्त असेल तर सुरुवातीच्या सी आणि डी कॉर्डलाही जोर लागतो, आणि दाबलेला सूर चढा होतो.

सुरात नाही म्हणजे काय

मोबाईलवरचा ट्युनर उघडा. तार मोकळी जुळवा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. काटा बराच वर-खाली गेला तर सॅडलची जागा किंवा अॅक्शन चुकलंय, ट्युनिंगच्या कितीही चाव्या पिळून ते सुधारणार नाही.

चावी फिरवताना नटपाशी 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकतेय. साध्या शिसपेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नव्या तारा दोन-चार दिवस उतरतातच, त्यासाठी गिटार परत करायला धावू नका.

झणझण सगळीकडे नसून एकाच फ्रेटवर येत असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो. हे काम दुरुस्तीवाल्याचं.

लाकडाच्या नावांवर भाळू नका

दहा हजारांच्या आतल्या बहुतेक गिटारी थरांच्या लाकडाच्या असतात, आणि कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला ते सोयीचंच आहे. पावसाळ्यात अखंड लाकडाची बॉडीवरची फळी दमट हवा पिऊन फुगते आणि अॅक्शन चढतं, थरांचं लाकूड त्यामानाने कमी हलतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटं होतं, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली दांड्यावरची पट्टी) आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात. दोन्हीकडे गिटार बॅगेत ठेवा. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, उन्हाळ्यात मात्र त्या काढून ठेवा.

बजेट सहा हजार असेल तर पाच हजारांची गिटार घ्या आणि हजार सेटअपसाठी, म्हणजे अॅक्शन, नट वगैरे नीट करून घ्यायला, राखा. मुंबईत धोबी तलावला, गोव्यात मडगाव-पणजीला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. तिथे एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढून दाखवायला सांगा, कारण या किमतीत दोन सारख्या गिटारींतही फरक पडतो. ऑनलाइनच घेणार असाल तर परतीची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या तपासण्या करा आणि डबा तोवर फेकू नका.