अरबी शिकताना धातूवर विसंबलो आणि फसलो

अरबीच्या दुसऱ्या वर्षात असाल तर तीन अक्षरी धातू, बाब (क्रियापदांचे गट), गरदान (क्रियापदाची रूपावली) हे एव्हाना तोंडपाठ असेल. ते परत सांगत बसत नाही. मला ज्यानं पाडलं तेवढंच सांगतो.

बहुतेकांसारखी माझीही पहिली गरदान 'दरब, यद्रिबु' हीच. त्यानं मारलं, तो मारतो. व्याकरणातलं ठरलेलं उदाहरणही तेच: ज़ैदनं अम्रला मारलं. द-र-ब म्हणजे मारणं हे डोक्यात इतकं घट्ट बसलं की परीक्षेत कुराणातल्या चौथ्या सूरेची (अध्यायाची) 101वी आयत (ओळ) आली, 'दरब्तुम फिल-अर्द', आणि मी बिनदिक्कत लिहिलं, 'तुम्ही जमिनीवर प्रहार कराल तेव्हा'. आयत प्रवासाबद्दल आहे. वाटेत शत्रूची भीती असेल तर नमाज आखूड करायला हरकत नाही, असं ती सांगते. पेपर परत मिळाला त्या दिवशी वही उघडवली नाही.

चूक कुठे झाली ते नीट बघा. शब्द मला येत होता. त्याच्या पुढचं 'फी' (मध्ये) हे अव्यय मी वाचलंच नाही. 'फी' आणि जमीन आली की दरब म्हणजे वाट तुडवणं. 'बि' (ने) आणि काठी आली की खरोखरच मारणं. कुराणात प्रेषित मूसाला खडकावर काठी मारायला सांगितलं ते हेच. 'अला' (वर) आणि कान आले की गाढ झोपवणं. 18व्या सूरेत गुहेतल्या तरुणांबाबत तसं येतं. सोबत 'मसल' असेल तर दृष्टांत देणं, तंबू असेल तर ठोकणं, आकडे असतील तर गुणणं, नाणं असेल तर पाडणं. टांकसाळ म्हणजे 'दार अद-दर्ब'. मुघलांच्या रुपयांवर टांकसाळीच्या गावाआधी 'ज़र्ब' (दर्बचाच फारसी उच्चार) असतं ते हेच, आणि आपण कुणावर 'जरब' बसवतो तीही फारसीच्या वाटेनं इथूनच आली.

घाबरू नका. आपण गप्पा मारतो, फेरी मारतो, हाक मारतो, शिक्का मारतो. मराठी माणसाला यात नवं काही नाही, फक्त परकी भाषा समोर आली की आपण हे विसरतो.

पण 'एक धातू, एक अर्थ' अशी कार्डं पाठ करायला लावणाऱ्या ॲपच्या नादी मुळीच लागू नका. दहाव्या शतकात इब्न फारिस या कोशकारानं धातूंचे मूळ अर्थ शोधायचा मोठा खटाटोप केला. तो वाचण्यासारखा आहे, अंदाज बांधण्यासाठी नाही. 'दरब' म्हणजे घट्ट पांढरा मधसुद्धा. मारण्यावरून मधापर्यंत कसे पोचाल? कर म्हणजे 'दरीबा', संप म्हणजे 'इद्राब'. प्रत्येक शब्द कोशात बघावाच लागतो. हान्स वेअरच्या अरबी-इंग्रजी कोशात धातूच्या पहिल्या अक्षराखाली शोधा, 'लिसान अल-अरब' या जुन्या अरबी कोशात शेवटच्या. मी तिथेही एक अख्खी दुपार घालवली आहे.

मला वाचवलं एका निवृत्त शिक्षकांनी. ते अर्थ सांगतच नसत. "वाक्य कुठंय?" एवढंच विचारत. त्यांच्यामुळे वहीत तीन रकाने आले: क्रियापद, अव्यय, कर्म. असा शिक्षक मिळाला तर सोडू नका.

द-र-बचं पान अजून भरतंय. मागच्या आठवड्यात इस्लामपूर्व कवी तरफाच्या मुअल्लकात (त्याच्या प्रसिद्ध दीर्घ कवितेत) 'अर-रजुल अद-दर्ब' आला; रजुल म्हणजे माणूस. मारकुटा माणूस, असं लिहायला पेन टेकवलं होतं. थांबलो, कोश काढला. सडपातळ, चपळ माणूस.