फिजिकल, मटेरियल की टँजिबल? आधी विरुद्ध बाजू बघा

इंग्रजीत अहवाल किंवा अर्ज लिहिताना फिजिकल, मटेरियल, टँजिबल, बॉडिली यांतला नेमका कोणता घ्यायचा, इथे हात अडतो. शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘भौतिक’, ‘शारीरिक’ असे जवळपास सारखेच अर्थ दिसतात. अशा वेळी तो शब्द वाक्यात कशाच्या विरुद्ध उभा आहे, एवढंच ठरवायचं.

१. समोर मन किंवा ऑनलाइन काही असेल तर फिजिकल: फिजिकल हेल्थ, कागदपत्रांची फिजिकल कॉपी.

२. समोर अध्यात्म असेल, किंवा पैसा-वस्तू-सुखसोयी म्हणायच्या असतील तर मटेरियल.

३. हात लावता येतो का, हा प्रश्न असेल तर टँजिबल. ताळेबंदात इमारत, यंत्रं टँजिबल. पेटंट, ट्रेडमार्क इनटँजिबल. युनेस्कोचीही वाटणी अशीच आहे. १९८३ पासून जागतिक वारसा असलेली अजिंठा लेणी टँजिबल, तर २०१६ मध्ये यादीत आलेला योग इनटँजिबल. ही जोडी लक्षात ठेवली की सहसा घोळ होत नाही.

४. थेट माणसाच्या देहाबद्दल असेल तर बॉडिली: बॉडिली इन्ज्युरी. कॉर्पोरियल म्हणजे आत्म्याच्या विरुद्ध, देहधारी. फार पुस्तकी आहे, रोजच्या लिखाणात नकोच.

एक मात्र सांभाळा. विम्याच्या कागदांत ‘मटेरियल फॅक्ट’ दिसलं तर त्याचा ‘भौतिक’शी काही संबंध नाही. पॉलिसी द्यायची की नाही, हप्ता किती लावायचा, यावर परिणाम करणारी माहिती, उदाहरणार्थ आधीचा आजार, असा तिथे अर्थ असतो. ती लपवली तर दावा नाकारला जाऊ शकतो.