चढावर मिसिंग? आधी प्लगचा गॅप मोजा

स्टँडवर गाडी छान वाजते, सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही, पण मागे कोणी बसलं आणि खंडवा रोडचा भेरूघाट लागला की झटके सुरू. यालाच मिसिंग म्हणतात. आमच्या इंदूरच्या रामबागेत अशा गाडीचा कार्बोरेटर लगेच खोलतात. भाचाही तेच म्हणाला, "मामा, कार्बोरेटर साफ करून आणू?" म्हटलं, आधी प्लग काढ.

कारण साधं आहे. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप, म्हणजे त्याची मधली दांडी आणि वरची पट्टी यांतलं अंतर, वाढला असेल तर नेमकी तिथे ठिणगी चुकते. गॅप फार कमी असेल तर मात्र गाडी आयडलवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता नुसती चालू असतानाच, कुरकुरते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लगवरची कॅप काढताना वायर ओढू नका, कॅपच धरा. प्लगभोवतीची धूळ पंपाने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाईल. मग प्लग पाना लावा.

टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी दिसली तर एअर फिल्टर बघा. ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. ते काम मिस्त्रीचं, गॅप लावून भागणार नाही.

आता फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा. सियागंजात हत्यारांच्या दुकानात मागा. अंदाजाने, नाणं घालून गॅप लावणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. भाच्याच्या स्प्लेंडरला ०.८ ते ०.९ मिमी. ०.८ ची पाती किंचित घासत जायला हवी, ०.९५ ची जायलाच नको. एक मेख आहे. जुन्या प्लगच्या वरच्या पट्टीला आतून खळगा पडतो. सपाट पाती त्या खळग्यावरून जाते, त्यामुळे खरा गॅप मापापेक्षा मोठा निघतो. मधल्या दांडीच्या कडाही गोल झाल्या असतील तर मोजत बसू नका, नवा प्लग आणा. नवाही मोजूनच बसवायचा.

गॅप जास्त असेल तर वरची पट्टी लाकडावर हलकेच टेकवून दाबा, कमी असेल तर पकडीने जरा उचला. मधल्या दांडीला आणि पांढऱ्या चिनीमातीला धक्का लागता कामा नये. इरिडियम प्लग असेल तर पाती घालूच नका, त्याचं टोक फार नाजूक असतं.

बसवताना आटे हातानेच फिरवा. अडलं तर उलटं फिरवून पुन्हा सुरुवात करा. हेडचे आटे गेले तर खर्च कुठल्या कुठे जातो. हाताने घट्ट झाल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, जुन्याला जेमतेम आठवा हिस्सा.

तरीही मिसिंग राहिलं तर रात्री अंधारात, हात न लावता, चालू इंजिनची प्लग वायर न्याहाळा. कुठे निळी ठिणगी चमकली तर करंट तिथून गळतोय. वायर नाहीतर कॅप बदला.