मोठे टायर घासतात? आधी खडू घ्या, मग ग्राइंडर

टोयोटा टॅकोमा या पिकअपला (२००५ ते २०१५ची पिढी) २८५/७०आर१७चे टायर बसवले की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकाच्या मागून खर्रखर्र आवाज येतो. मूळच्या २६५/७०आर१६ टायरचा व्यास साधारण ७७७ मिमी, याचा ८३१. म्हणजे प्रत्येक बाजूला २७ मिमी जास्त. तेवढ्यात तो पुढच्या चाकामागच्या कॅब माउंटला, म्हणजे चासीवरच्या केबिन टेकणाऱ्या ब्रॅकेटला भिडतो. नुसता लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) घालून हे जात नाही. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर पुन्हा तिथेच.

ब्रॅकेटला खडू फासा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे घ्या. जिथला खडू पुसला जाईल, तिथे टायर घासतोय. रिव्हर्समध्ये जास्त घासतं, हे बरेच जण विसरतात. मग अलाइनमेंटवाल्याकडून खालचा आर्म (चाक चासीला जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) पुढे सरकवून घ्या, म्हणजे चाक ब्रॅकेटपासून लांब जातं. कधीकधी एवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर ब्रॅकेटचा फक्त पुढचा, बाहेरचा कोपरा कापायचा. मधल्या बोल्टच्या आणि रबरी बुशच्या जागेला हात लावायचा नाही, आणि चासीच्या मुख्य बीमला तर मुळीच नाही. कापलेलं तोंड उघडं सोडू नका: मूळ पत्र्याच्या जाडीची पट्टी वेल्ड करून बंद करा, वर झिंक प्रायमर मारा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, जवळच्या ब्रेक लाइन झाका. वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम सरळ फॅब्रिकेटरला द्या.

स्पीडोमीटर आता सुमारे ६ टक्के कमी दाखवेल. ६० दिसले तरी गाडी ६४वर असते.